समाजशास्त्राच्या पदवीतून पैसे कसे उभे करायचे: एआयच्या काळातला कामाचा हिशोब

समाजशास्त्रात बीए झालेल्या किंवा एमएच्या उंबरठ्यावर असलेल्या मुलामुलींना सध्या घरी एकच प्रश्न विचारला जातो: रिपोर्ट मशीनच लिहिणार असेल, तर तुला पगार कोण देणार? प्रश्न रास्त आहे. अहवालाचा पहिला खर्डा, चार लेखांचा सारांश, प्रश्नावलीचा साचा, मुलाखतीचं टायपिंग ही नवख्याची कामं होती. त्यांवरच पहिली दोन वर्षं निघायची. आता ती काही मिनिटांत होतात आणि त्यांचे पैसे कोणी देत नाही.

मशीनकडे एक गोष्ट मात्र नसते. तुमच्या तालुक्यातल्या अमुक वाडीत काल काय घडलं, याची माहिती कोणीतरी दार ठोठावून आणल्याशिवाय तिच्यापर्यंत पोचत नाही. ती माहिती नीट आणणं, तपासणं आणि तिच्याबद्दल सहीनिशी जबाबदार राहणं, पदवीची किंमत इथे आहे. म्हणून अभ्यासक्रमातलं संशोधन पद्धतीचं जे पान बहुतेक जण परीक्षेपुरतं वाचतात, तेच पोटापाण्याचं पान आहे.

एमएआधी कागदावर हिशोब

एमए करावं की नाही, हे भावनेवर ठरवू नका. तीन आकडे काढा: फी व पुस्तकं, शहरात राहण्याचा जादा खर्च आणि या काळात बुडणारा पगार. घरी राहूनही जो खर्च झालाच असता, तो धरायचा नाही.

समजा, दोन वर्षांची फी, पुस्तकं, परीक्षा मिळून ४० हजार. पुण्यात राहण्याचा जादा खर्च महिना १० हजार, २० महिने, म्हणजे २ लाख. बीएवर महिना १५ हजारांची नोकरी मिळाली असती तर २४ महिन्यांचे ३ लाख ६० हजार. एकूण ६ लाख. एमएनंतर पगार फक्त ५ हजारांनी वाढला, तर हे पैसे वसूल व्हायला १० वर्षं लागतात. १२ हजारांनी वाढला, तर ४ वर्षं २ महिने. तुमचे आकडे घालून हीच मांडणी करा. वाढ कोणत्या पदामुळे मिळणार आहे, त्या पदाचं नाव लिहिता येत नसेल तर प्रवेश एक वर्ष पुढे ढकला आणि आधी सर्व्हेचं काम करा.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार चौथं ऑनर्सचं वर्ष घेतलं तर पुढे एमए एका वर्षात होऊ शकतं. चौथं वर्ष घराजवळच्या कॉलेजात मिळत असेल, तर शहरातलं एक वर्ष वाचतं. वरच्या हिशोबात हा मोठा फरक आहे.

एक खड्डा इथेच दाखवून ठेवतो, कारण त्यात दरवर्षी मुलं पडतात. समाजशास्त्र आणि समाजकार्य एक नाही. वैद्यकीय समाजसेवक, समुपदेशक, कल्याण विभागातली बरीच पदं यांच्या जाहिरातीत एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, मागितलेली असते. कारखान्यातल्या कामगार कल्याण अधिकाऱ्यालाही ठरावीक मान्यताप्राप्त पात्रता लागते. तिथे समाजशास्त्राचं एमए चालेलच असं नाही. ज्या पदावर डोळा आहे, त्याच्या मागच्या तीन-चार जाहिराती काढून ‘शैक्षणिक अर्हता’ हा परिच्छेद शब्दन्‌शब्द वाचा. प्रवेश घ्यायच्या आधी वाचा.

नेट-जेआरएफचा हिशोब वेगळा. नेट म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, आणि तिच्यात वर आलेल्यांना संशोधनासाठी मिळणारी फेलोशिप म्हणजे जेआरएफ. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफ महिना ३७ हजार रुपये आहे, घरभाडं भत्ता वेगळा. दोन वर्षांचे ८ लाख ८८ हजार होतात, म्हणजे वरचा खर्च भरून निघतो. पेपर एक ५० प्रश्नांचा, पेपर दोन १०० प्रश्नांचा, एकूण ३०० गुण, ३ तास, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. एकही प्रश्न कोरा सोडू नका. समाजशास्त्राची मुलं पेपर दोनवर भर देतात आणि पेपर एकमधल्या तर्क व आकडेवारीच्या प्रश्नांवर जेआरएफ हुकते. नुसतं सेट (राज्याची तशीच परीक्षा) किंवा नेट पात्र होऊन पूर्णवेळ जागेची वाट बघत तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं राहणं, हा मात्र महाग पर्याय आहे. उन्हाळ्यात तासिका नसतात, तेव्हा पैसेही नसतात. वाट बघायचीच असेल तर हातात दुसरं काम ठेवून बघा.

स्पर्धा परीक्षेबद्दल थोडक्यात. यूपीएससीत समाजशास्त्र हा वैकल्पिक विषय ५०० गुणांचा आहे. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाली असून तिथेही वैकल्पिक विषयाला ५०० गुण आहेत. विषयाचा उपयोग होतो, पण किती प्रयत्न करणार ही मर्यादा सुरुवातीलाच ठरवा.

‘एक कोयता’ म्हणजे किती माणसं?

मशीन कुठे कमी पडतं, हे एका प्रश्नावर नीट दिसतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबांचा सर्व्हे आहे असं धरा. एआयकडून प्रश्नावली करून घेतली तर साधारण असे प्रश्न येतात: ‘तुमच्या कुटुंबातील किती सदस्य हंगामी स्थलांतर करतात?’ आणि ‘गेल्या वर्षभरात तुम्ही किती कर्ज घेतले?’ व्याकरणात चूक नाही. फील्डवर दोन्ही प्रश्न वाया जातात.

पहिल्याला उत्तर येतं, ‘एक कोयता.’ नवखा सर्व्हेअर टॅबवर १ टाकतो. कोयता म्हणजे जोडी, बहुतेक वेळा नवरा-बायको. एकटा माणूस असेल तर ‘अर्धा कोयता’ म्हणतात. एका आकड्याने त्या घरातली राबणारी बाई डेटातून नाहीशी झाली. शंभर घरांत असं झालं, तर अहवालात ‘स्त्रियांचं स्थलांतर नगण्य’ असं वाक्य येतं आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

दुसऱ्या प्रश्नाला उत्तर येतं, ‘कर्ज नाही.’ कारण मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, आगाऊ घेतलेल्या रकमेला कोणी कर्ज म्हणत नाही, ती ‘उचल’. प्रश्न असे तोडावे लागतात: या हंगामाला किती कोयते गेले? त्यात कोण कोण होतं, नावं सांगा. उचल किती घेतली? बोलणी कोणी केली? मागच्या हंगामाची फिटली का, की बाकी राहिली? बाकी असेल तर ती पुढच्या उचलीत धरली का? सहा छोटे प्रश्न, आणि खरं चित्र समोर येतं.

‘कुटुंब’ हा शब्दही असाच फसवा आहे. रेशन कार्डावर एक, सातबाऱ्यावर दुसरं आणि जेवायला तिसरं. ‘एका चुलीवर जेवणारे कोण’ असं विचारलं की गोंधळ मिटतो. वेळेचंही तसंच: टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. डिसेंबरात सर्व्हे ठेवला तर गावात म्हातारी माणसं आणि मुलं भेटतील.

असे शब्द गोळा करण्याची वही आजपासून ठेवा. शब्द, गाव, तालुका, कोण म्हणालं (पुरुष, बाई, वय), नेमका अर्थ, प्रश्न कसा बदलावा. दोनशे नोंदी झाल्या की सर्व्हेअरना शिकवण्याचं साहित्य तयार होतं, आणि प्रशिक्षणाचे पैसे मिळतात.

९० दिवसांत दाखवता येईल असं एक काम

मुलाखतीला गेल्यावर गुणपत्रिकेपेक्षा ‘हे मी केलं’ म्हणून ठेवता येणारी फाइल चालते. ती फाइल करायला पैसे फारसे लागत नाहीत.

पहिले दोन आठवडे विषय आणि नमुना, म्हणजे किती आणि कोणत्या घरांत विचारायचं ते. विषय एका वाक्यात बसला पाहिजे: ‘आमच्या गावात नळ आल्यावर पाणी भरण्याचा वेळ कोणाचा वाचला?’ नमुन्याचं सूत्र पाठ करा. ९५ टक्के खात्री, ५ टक्के चूक आणि प्रमाण माहीत नसताना ०.५ धरलं, तर १.९६ गुणिले १.९६ गुणिले ०.२५ भागिले ०.००२५ म्हणजे ३८४.१६, अर्थात ३८५ घरं. गावात घरंच १,२०० असतील तर दुरुस्ती लावायची: ३८५ भागिले (१ अधिक ३८४/१,२००), म्हणजे २९२. अनेक गावांतून गट करून नमुना घेत असाल तर शेजारची घरं एकमेकांसारखी असतात, म्हणून नमुना वाढवणारा एक गुणक, डिझाइन इफेक्ट, धरावा लागतो. तो १.५ धरला तर ३८५ चे ५७८ होतात, आणि १० टक्के घरं कुलूपबंद किंवा नकार देणारी धरली तर ६४२ घरांची यादी हवी. हे गणित तोंडावर असणारा समाजशास्त्राचा पदवीधर मुलाखतीत वेगळा दिसतो.

सरावाच्या कामाला ६० घरं पुरेत, फक्त ती कशी निवडली हे लिहून ठेवा. गावाच्या सगळ्या वस्त्यांची यादी करा आणि घरसंख्येच्या प्रमाणात वाटणी करा. सुरुवातीचं घर चिठ्ठीने काढून पुढे ठरावीक अंतराने घर घ्या. चौकातून सुरुवात केली की गावाबाहेरची वस्ती राहून जाते आणि नमुना जातीने वाकडा होतो. हा दोष नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने दुरुस्त होत नाही.

तिसऱ्या आठवड्यात फॉर्म. कोबोटूलबॉक्स या सर्व्हेचे फॉर्म बनवायच्या साधनावर मोफत खातं काढता येतं, मोबाइलवर नेटशिवायही फॉर्म भरता येतो. एक्सेलमध्ये सर्व्हे, चॉइसेस आणि सेटिंग्ज अशी तीन पानं करून फॉर्म चढवायला शिका, एक-एक प्रश्न हाताने टाकू नका. वयाला ० ते ११० ची मर्यादा घाला. ‘मुलं नाहीत’ म्हटल्यावर मुलांचे प्रश्न आपोआप गळाले पाहिजेत. सुरू आणि संपल्याची वेळ आपोआप नोंदवा. ‘माहीत नाही’ला ९९ असा कोड देऊ नका. वयाच्या किंवा शेळ्यांच्या रकान्यात तो ९९ खरा आकडा म्हणून मिसळतो आणि सरासरी फुगते. उणे ९८, उणे ९९ वापरा, म्हणजे चुकून राहिला तरी लगेच डोळ्यात भरतो.

मग नमुन्यात नसलेल्या दहा-पंधरा घरांत चाचणी. ज्या प्रश्नावर तीन जणांनी ‘म्हणजे?’ विचारलं, तो प्रश्न बदला. मुलाखत ४० मिनिटांच्या वर गेली तर कात्री लावा. त्यानंतर लोक घाईने ‘हो हो’ म्हणू लागतात.

खरी मुलाखत सकाळी कामावर जायच्या आधी किंवा संध्याकाळी परतल्यावर. पेरणीच्या आणि सुगीच्या दिवसांत जाऊ नका, बाजाराचा वार टाळा. बायकांशी बोलायचं असेल तर घरातला पुरुष समोर बसून उत्तरं देतो, हे गृहीत धरूनच जा. दोघांच्या टीममध्ये एकाने त्याला शेती-पाण्याचे प्रश्न विचारत ओट्यावर गुंतवायचं, दुसरीने आत बोलायचं.

रोज रात्री डेटा तपासा. ४० मिनिटांची मुलाखत ११ मिनिटांत संपली आहे का? एकाच सर्व्हेअरच्या सगळ्या घरांत नेमकी चार माणसं आहेत का? लोकेशन एकाच झाडाखालचं आहे का? ‘इतर’ हे उत्तर किती वेळा आलं? दहा टक्के घरांत दुसऱ्या माणसाने जाऊन किंवा फोन करून तीन-चार प्रश्न पुन्हा विचारायचे. हे तपासणीचं काम ज्याला जमतं तो सर्व्हेअरचा सुपरवायझर होतो. पगाराची पहिली खरी उडी तिथेच असते.

शेवटचे चार आठवडे विश्लेषण आणि सहा पानी अहवाल. एक्सेलचं पिव्होट टेबल चांगलं आलं तरी सुरुवातीला पुरतं. पुढे आर किंवा जमोवी ही आकडेवारीची सॉफ्टवेअर, दोन्ही मोफत आहेत. अहवाल मराठीत लिहा आणि त्याचं दोन पानी इंग्रजी रूप करा, कारण पैसे देणारी संस्था बहुतेक वेळा इंग्रजी अहवाल मागते. सोबत सरकारी आकड्यांचा एक तक्ता जोडा. केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा पोर्टलवर श्रमबल सर्वेक्षणाचा घरनिहाय डेटा नोंदणी करून मोफत मिळतो. तो उघडून, वेटेज (प्रत्येक घर किती घरांचं प्रतिनिधित्व करतं तो आकडा) लावून, एक तक्ता बरोबर काढता येणं ही आपल्या विषयात अजून दुर्मीळ गोष्ट आहे.

एआय कुठे वापरायचं, कसं पकडायचं

वापरायचंच. हाताने मुलाखत उतरवायला एका तासाच्या ध्वनिमुद्रणाला पाच-सहा तास लागतात. मशीनने खर्डा काढून तुम्ही ऐकत दुरुस्त केला तर दोन-तीन तासांत होतं. पण ऐकूनच दुरुस्त करा. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलीला मशीन गुपचूप पुस्तकी मराठी करून टाकतं, आणि एका वेळी दोन बायका बोलल्या की त्यातली एक गाळतं.

मुलाखतींना विषयवार कोड, म्हणजे कोणत्या उताऱ्यात कोणता विषय आहे याच्या खुणा, लावायला मशीनला सांगितलं, तर आधी १०० उतारे स्वतः कोड करा आणि मग जुळवा. नुसती टक्केवारी बघून खूश होऊ नका. समजा १०० पैकी ८ उताऱ्यांत कर्जाचा विषय आहे. मशीनने त्यातले २ पकडले, ६ सोडले, बाकी ९२ बरोबर ठेवले. जुळणी ९४ टक्के दिसते, प्रत्यक्षात कर्जाचे तीन-चतुर्थांश उल्लेख हुकले. म्हणून प्रत्येक कोडचा वेगळा हिशोब करा: खरे किती, त्यातले पकडले किती, उगाच लावले किती.

अहवालात अवतरण घेताना ते मूळ उताऱ्यात शोधून बघा. मशीन दोन बायकांची वाक्यं जोडून तिसरंच गोड वाक्य करतं. मूळ फाइलमध्ये ते सापडलं नाही तर अहवालातून काढून टाका, कितीही चांगलं असलं तरी.

नाव, फोन, आधार, घराचं लोकेशन काढल्याशिवाय कोणताही मजकूर एआयच्या साधनात चिकटवू नका. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण त्याआधी तुम्ही त्या बाईला ओट्यावर बसून शब्द दिलेला असतो. प्रत्येकाला क्रमांक द्या, नाव-क्रमांकाची यादी वेगळ्या फाइलमध्ये पासवर्डखाली ठेवा.

पैसे कुठून येतात

पहिली जागा सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजाच्या कामांवर कायद्याने करायचा खर्च. मागच्या तीन वर्षांत ज्या कंपनीवर सरासरी १० कोटी किंवा जास्त सीएसआर खर्चाची जबाबदारी होती, तिला १ कोटी किंवा त्यावरच्या, पूर्ण होऊन किमान एक वर्ष झालेल्या प्रकल्पांचं परिणाम मूल्यमापन स्वतंत्र संस्थेकडून करून घ्यावंच लागतं. २०२१ च्या नियमदुरुस्तीने हे आलं. या कामावरचा खर्च एकूण सीएसआर खर्चाच्या २ टक्के किंवा ५० लाख, यांतलं जे जास्त असेल तिथपर्यंत सीएसआरमध्ये धरता येतो. म्हणजे काम कायद्याने लागतं आणि त्याला पैशाची तरतूदही आहे. मोठ्या कंपन्यांचे असे पाच अहवाल वेबसाइटवरून उतरवा, नमुना निवडीचं पान वाचा, मूल्यमापन करणाऱ्या संस्थांची नावं टिपा आणि त्यांनाच तुमची सहा पानं पाठवा. अर्जात ‘मराठी, अमुक बोली, अमुक जिल्ह्यांत फील्ड, टॅब व डेटा तपासणी’ हे पहिल्या ओळीत.

दुसरी जागा भूसंपादन. २०१३ च्या कायद्याप्रमाणे सामाजिक परिणाम निर्धारण, म्हणजे जमीन घेतल्याने कोणावर काय परिणाम होईल याचा अभ्यास, सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत पूर्ण करायचं असतं (राष्ट्रीय महामार्गासारख्या काही संपादनांना ते लागत नाही). या कायद्यात ‘बाधित कुटुंब’ म्हणजे फक्त सातबाऱ्यावरचा मालक नव्हे. संपादनाच्या आधी तीन वर्षं त्या भागात राबणारे शेतमजूर, कुळं, वाट्याने करणारे, कारागीर, ज्यांची मुख्य रोजीरोटी त्या जमिनीवर आहे, तेही येतात. त्यांचं नाव कोणत्याच महसुली कागदावर सापडत नाही, म्हणून मशीनला ते दिसत नाहीत. त्यांना शोधून, तीन वर्षांचा पुरावा कसा धरायचा ते ठरवून, यादीत आणणं हे काम समाजशास्त्र शिकलेल्या माणसाचं आहे. चुकलं तर एखाद्या घराची भरपाई जाते, इतकं ते गंभीर आहे.

तिसरी जागा, मराठीत अ‍ॅप किंवा सेवा चालवणाऱ्या कंपन्यांचं वापरकर्ता संशोधन, म्हणजे लोक ते अ‍ॅप कसं वापरतात आणि कुठे अडतात याचा शोध. इथे पाच-आठ लोकांच्या खोल मुलाखती आणि आठवड्यात निष्कर्ष हवे असतात. पैसे बरे, पण वेग जास्त. जनगणना २०२७ मध्ये जातीची नोंद होणार असल्याने त्या आकड्यांचा अर्थ लावणाऱ्यांची गरज पुढे वाढेल. प्रगणकाचं काम मात्र मुख्यतः शिक्षक आणि सरकारी कर्मचाऱ्यांकडे असतं, त्या भरवशावर राहू नका.

कोटेशन

स्वतंत्र काम घेताना नवखी मुलं एकरकमी आकडा बोलतात आणि त्यात अडकतात. दिवस मोजा. ४०० घरं, एक सर्व्हेअर दिवसाला प्रत्यक्षात पाच घरं करतो, म्हणजे ८० मनुष्यदिवस; पाच जण, सोळा दिवस. दर उदाहरणादाखल धरतो, जिल्ह्याप्रमाणे बदला. सर्व्हेअर प्रवास-जेवणासह दिवसाला १,२००, म्हणजे ९६ हजार. तीन दिवस प्रशिक्षण व चाचणी, १८ हजार. सुपरवायझर २० दिवस, १,८०० प्रमाणे ३६ हजार. गाडी १६ दिवस, २,५०० प्रमाणे ४० हजार. बारा गटचर्चांचं सुमारे १८ तासांचं ध्वनिमुद्रण, दुरुस्तीला सात दिवस, १,५०० प्रमाणे १०,५००. विश्लेषण व अहवाल २० दिवस, ३,००० प्रमाणे ६० हजार. बेरीज २,६०,५००. पाऊस, लग्नसराई, गावातला मृत्यू यासाठी १० टक्के जादा धरले की २,८६,५५०.

समोरचा म्हणेल, एआय आहे, अहवालाचे दिवस कमी करा. अहवालाचे २० चे १२ करायला हरकत नाही. फील्डचे आणि तपासणीचे दिवस कमी करू नका. दिवसाला आठ घरं मागितली की सर्व्हेअर शेवटची तीन घरं झाडाखाली बसून भरतो.

करारात चार गोष्टी लेखी घ्या: किती घरं पूर्ण झाली म्हणजे काम पूर्ण, अहवालात किती वेळा दुरुस्ती, डेटा कोणाच्या मालकीचा, आणि पैसे कधी. सुरुवातीला ४० टक्के, डेटा दिल्यावर ४०, अहवालावर २०. पहिला हप्ता खात्यात आल्याशिवाय गाडी बुक करू नका, कारण सर्व्हेअरची मजुरी रोजच्या रोज द्यावी लागते आणि तो पैसा तुमच्या खिशातून जातो. फीमधून टीडीएस कापला जाईल. कापला की प्रमाणपत्र मागून ठेवा आणि उत्पन्न करपात्र नसेल तरी रिटर्न भरा, ती रक्कम परत मिळते.